समुद्रतळाचे चित्रण : कॅमेरा कोणता घ्यावा?

मालवणच्या बाजारात सकाळी टोपलीत मांडलेली तांबोशी ज्याने पाहिली आहे, त्याला त्या मासळीचे नाव कशावरून पडले हे कोणी सांगावे लागत नाही. तिची लाली डोळ्यांत भरते. हीच तांबोशी समुद्रात वीस मीटर खोल पोहताना एखाद्या पाणबुड्याच्या दृष्टीस पडली, तर ती त्याला राखी, किंबहुना काळपट दिसते. मासळी तीच असते, तिची कांतीही तीच असते. तिच्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडातली लाली मात्र पाण्याने वाटेतच शोषून घेतलेली असते.

ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. नागपूरचे किंवा इंदूरचे एखादे कुटुंब अंदमानला जाते, स्वराजद्वीपाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पोटात उतरण्याची हौस भागवते, आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून मोठ्या उत्साहाने चित्रफीत दाखवू लागते. पडद्यावर दिसतात त्या निळ्या-हिरव्या धुक्यात हलणाऱ्या सावल्या. मग दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. स्वस्तातला, लहानसा घेतला म्हणून असे झाले, पुढच्या खेपेला चांगला मोठा घ्यावा, असा निर्णय होतो. पुढच्या खेपेला मोठा कॅमेरा जातो, आणि धुके जिथल्या तिथे राहते.

पाण्याखाली चित्रफीत घेऊ पाहणाऱ्यापुढे आज मुख्यतः दोन मार्ग असतात. एक अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा. हा मुठीत मावेल एवढा असतो, त्याचे भिंग अतिशय रुंद दृश्य टिपते आणि एक कळ दाबली की त्याचे काम सुरू होते. दुसरा मार्ग स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्याचा. तो मुळात छायाचित्रासाठी घडवलेला असतो, परंतु चलच्चित्रही उत्तम घेतो. मात्र पाण्यात नेण्यासाठी त्याला भक्कम जलरोधक पेटी लागते. या दोहोंत श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर यंत्रांच्या माहितीपत्रकात शोधण्यापूर्वी समुद्राचा स्वभाव समजून घेतलेला बरा.

सूर्यप्रकाशातील सर्व रंग पाण्यात सारख्या अंतरापर्यंत टिकत नाहीत. स्वच्छ समुद्रातही पहिल्या पाच-सहा मीटरांत लाल रंग बव्हंशी लोपतो, दहाच्या सुमारास नारिंगी फिका पडतो, पुढे पिवळ्याची पाळी येते, आणि शेवटी निळा तेवढा उरतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली इंग्लंडहून परतताना बोटीवरून भूमध्य समुद्राची निळाई न्याहाळली आणि ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे दाखवून दिले. या विखुरण्याला तांबड्या रंगाच्या शोषणाची जोड मिळते आणि समुद्र निळा दिसतो. कवीला जी निळाई मोह घालते, तीच छायाचित्रकाराच्या वाटेत आडवी येते.

यात एक बारकावा असा, की प्रकाशाने कापलेले एकूण अंतर महत्त्वाचे असते. खोली हा त्याचा केवळ एक भाग. मासा पाच मीटर खोल असेल आणि कॅमेरा त्याच्यापासून तीन मीटर दूर असेल, तर उजेड पाच मीटर खाली येतो आणि पुन्हा तीन मीटर आडवा जातो. म्हणजे सुमारे आठ मीटर पाणी त्याने ओलांडलेले असते. शिवाय त्या तीन मीटरांत रेतीचे कण आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात, ते दृश्यावर पडदा टाकतात. पाण्याखालच्या चित्रणाचा पहिला नियम यातूनच निघतो : कॅमेरा आणि विषय यांच्यामधले पाणी कमी करावे. दुसरे कितीही नियम पाळले आणि हा मोडला, तर त्या पाळण्याला अर्थ राहत नाही.

त्यात वक्रीभवनाची अडचण आहे. पाण्यातून सपाट काचेपलीकडे पाहिले की प्रत्येक वस्तू सुमारे एकचतुर्थांश अंतराने जवळ आणि त्या प्रमाणात मोठी भासते. नवखा पाणबुड्या शंखाला हात लावायला जातो आणि हात अलीकडेच थांबतो, तो याच कारणाने. कॅमेऱ्याचीही अशीच गत होते. जमिनीवर रुंद दिसणारे दृश्य सपाट काचेमागून पाण्यात आखडते; मग सारा मासा चौकटीत मावावा म्हणून चित्रकार मागे सरतो, आणि मागे सरला की पाणी वाढते. म्हणून पाण्याखाली रुंद दृश्याच्या भिंगाला एवढे महत्त्व आहे. जवळ राहूनही पुष्कळ दाखवण्याची सोय ते करून देते.

या अडचणी आजच्या नाहीत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्राखाली छायाचित्रे घेतली, तेव्हाही जलरोधक पेटी आणि प्रकाश याच दोन गोष्टींनी त्याला सर्वांत अधिक झुंजवले. फ्लॉरिडाजवळच्या समुद्रात विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ साली पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तीही तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून. पेटीवाचून पाण्यात नेता येणारा ‘निकोनॉस’ कॅमेरा १९६३ साली आला आणि २००१ पर्यंत त्याने पाणबुड्यांची सेवा केली. आजच्या निवडीचा प्रश्न मात्र अलीकडे उभा राहिला. निक वुडमन या अमेरिकन तरुणाने लाटांवर खेळणाऱ्यांसाठी काढलेला ‘गोप्रो’ २००४ साली बाजारात आला, तो प्रथम मनगटाला बांधायचा फिल्मचा कॅमेरा होता; चलच्चित्र घेण्याची कला त्याने मागाहून शिकली. २००८ साली निकॉन आणि कॅनन यांच्या भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांनाही चित्रफीत घेता येऊ लागली. एक कॅमेरा खेळातून आला, दुसरा चित्रशाळेतून. दोघांचे स्वभाव पाण्यातही तसेच राहिले आहेत.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे बळ त्याच्या साधेपणात आहे. त्याचे भिंग रुंद असल्यामुळे पाणबुड्या कासवाच्या किंवा मासळीच्या थव्याच्या अगदी निकट राहूनही संपूर्ण दृश्य टिपू शकतो. बहुतेकांचे भिंग कायमचे बसवलेले असते. सुमारे एका फुटापासून पुढे सारे स्पष्ट दिसते, त्यामुळे गढूळ पाण्यात केंद्र शोधत चित्र मागेपुढे होण्याचा त्रास नाही. काही कॅमेरे पेटीवाचून दहा मीटरपर्यंत, तर काही नवे वीस मीटरपर्यंत उतरतात. छोट्या पेटीत घातले की त्यांपैकी पुष्कळ साठ मीटरपर्यंत टिकतात. हौशी पाणबुड्याची मर्यादा चाळीस मीटरची असते, तेव्हा खोलीच्या बाबतीत त्याला काही उणे पडत नाही. आणि ज्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले आहेत, त्याच्या मस्तकावर किंवा छातीवर बसून हे यंत्र आपले काम करीत राहते.

परंतु लहानपणाची किंमतही त्याला मोजावी लागते. प्रतिमा टिपणारी जी पट्टी, म्हणजे सेन्सर, ती वर्षानुवर्षे बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत करंगळीच्या नखापेक्षाही लहान राहिली. भिंगे बदलता येणाऱ्या मध्यम कॅमेऱ्याची पट्टी क्षेत्रफळाने तिच्या सुमारे तेरापट भरते. अलीकडच्या यंत्रांनी हे अंतर काहीसे कमी केले आहे, मिटवलेले नाही. खोल पाण्यातल्या मंद उजेडात लहान पट्टीचे चित्र कणाकणांनी भरून जाते. शिवाय हलके यंत्र हातात थरथरते. कॅमेऱ्यातली हिशेबी योजना तो कंप पुष्कळ अंशी पुसून टाकते, पण त्यासाठी चित्राच्या कडा कापते आणि अंधारात तिचाही इलाज चालत नाही. उपाय सोपा आहे. एका आडव्या पट्टीवर मधोमध कॅमेरा बसवावा, दोन्ही टोकांना मुठी लावाव्यात, आणि दोन हातांनी धरावे. लांब काठीच्या टोकाला लावलेल्या कॅमेऱ्यापेक्षा असा धरलेला कॅमेरा कितीतरी स्थिर चित्र देतो.

स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्याचे राज्य याच्या उलट टोकाला सुरू होते. प्रवाळाच्या कपारीत बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय सरकत असते, किंवा चिमुकली कोळंबी मोठ्या माशाच्या तोंडात शिरून त्याचे दात साफ करीत असते. असे नाट्य एका फुटावरून रुंद भिंगाने टिपले, तर पडद्यावर ठिपका दिसतो. तेथे निकटदर्शी भिंग हवे, केंद्र नेमके ठरवून तेथेच बांधून ठेवता आले पाहिजे, आणि उजेडाचे माप हाताने बदलता आले पाहिजे. ही सारी हत्यारे या कॅमेऱ्यापाशी असतात. रंगाच्या बाबतीत तर त्याला एक फार उपयोगी सवय लावता येते : प्रत्येक चार-पाच मीटर खोलीला पांढरी पाटी समोर धरून ‘हे पांढरे’ असे त्याला शिकवावे, म्हणजे गेलेल्या रंगांचा काही अंश तो परत आणतो. दोहोंच्या मधली एक जातही आहे. ऑलिंपसच्या ‘टफ’ मालिकेतले छोटे कॅमेरे पेटीवाचून पंधरा मीटर उतरतात आणि भिंगापासून एका सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवतात; सूक्ष्म जीवांची आवड असणाऱ्या बेताच्या ऐपतीच्या माणसाने त्यांचा विचार जरूर करावा.

मोठ्या कॅमेऱ्याचा आणखी एक गुण सहसा ध्यानात येत नाही. पेटी, मुठी आणि दिवे यांसह त्याचे ओझे जमिनीवर हात मोडते, पण पाण्यात तरंगत्या नळ्या जोडून ते जवळजवळ शून्यावर आणता येते. वजन हरपले तरी जडत्व हरपत नाही. म्हणून असे यंत्र पाण्यात संथ फिरते आणि चित्र आपोआप स्थिर येते. याच्या समोर त्याचे तोटे मांडले पाहिजेत. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची पेटी कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग पडते, आणि ती त्याच एका नमुन्याला बसते. कॅमेरा जुना झाला की पेटीही निकामी. कित्येक कॅमेरे सलग चित्रण अर्ध्या तासाच्या आत थांबवीत. याला युरोपातील जकातीचे नियम कारणीभूत होते. तेथे तीस मिनिटांपेक्षा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्राची गणना वेगळ्या वर्गात होई. एका बुडीचा अवधी पाऊण तासाच्या आसपास असतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे लागते.

तांबोशीची लाली मात्र दोहोंपैकी कोणताही कॅमेरा स्वतःच्या बळावर परत आणू शकत नाही. जो रंग पोचलाच नाही, तो पट्टी टिपणार कशी? उथळ पाण्यात, ऊन असताना, भिंगापुढे लाल काच लावल्याने निळ्या-हिरव्याचा जोर कमी होतो आणि चित्राला तोल येतो. सुमारे पंधरा मीटरच्या पुढे ती काच उरलासुरला उजेडही खाते. त्याखाली दिवाच हवा, आणि दिव्याची मजल मीटर-दीड मीटरची. तो भिंगाला चिकटून लावला, तर समोरचे कण बर्फ पडावे तसे चमकतात. म्हणून दोन दिवे दोन बाजूंना लांब दांड्यांवर बसवावेत. खर्चाचा विचार करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की दिव्यांसह लहान कॅमेरा दिव्यांविना मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा खोल पाण्यात अधिक खरे रंग दाखवतो.

मग निवड पाण्यावर सोपवली की ती सोपी होते. तारकर्ली-मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, कित्येक दिवस चार-पाच मीटरांपलीकडे दिसत नाही. तेथे दूरचे दृश्य टिपण्याचा हट्ट व्यर्थ. रुंद भिंगाचा लहान कॅमेरा घेऊन हातभर अंतरावरचे जग पाहावे. लक्षद्वीपच्या निर्मळ पाण्यात दृष्टी वीस-तीस मीटर जाते. तेथे ऊन भरपूर, थवे मोठे, आणि उथळ सरोवरात लाल काचेसह अ‍ॅक्शन कॅमेरा उत्तम चालतो. मात्र ज्याला त्याच सरोवरातल्या एका प्रवाळखंडावर तासन्‌तास घालवायचे आहेत, त्याने दुसरा कॅमेरा घ्यावा.

कोणताही कॅमेरा घेतला तरी पेटीची निगा हा धर्मच मानला पाहिजे. पेटीच्या दाराभोवती ओ-रिंग नावाचे रबरी कडे असते. त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तर समुद्र तेवढ्या फटीतून आत येतो. पुष्कळदा हा घात पहिल्या काही मीटरांतच होतो. खोलवर दाबच दार घट्ट आवळून धरतो. म्हणून नवी पेटी प्रथम रिकामी बुडवून पाहावी. कोकणच्या दमट हवेत पेटी उघडून बंद केली, तर आत कोंडलेली वाफ थंड पाण्यात काचेवर धरते. कोरड्या खोलीत पेटी बंद करावी आणि आत ओल शोषणारी पुडी ठेवावी. पेटीची काचही पारखून घ्यावी. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांच्या सुरुवातीच्या काही पेट्यांना बाकदार काच असे. ती हवेत ठीक होती, पाण्यात मात्र स्वतःच भिंगासारखी वागून चित्र धूसर करी. सपाट काच आली तेव्हा दोष गेला. बुडी संपल्यावर सारे यंत्र गोड्या पाण्यात भिजत ठेवणे, हे तर मच्छिमाराने जाळे धुण्याइतकेच स्वाभाविक झाले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चित्र घेणाऱ्याचे चित्त चौकटीत अडकते, आणि पाण्याखाली चित्त अडकणे धोक्याचे आहे. नळकांड्यात हवा किती उरली, सोबती कोठे आहे, खोली किती झाली, हे क्षणोक्षणी पाहावे लागते. जमिनीवर छायाचित्रकार हात स्थिर राहावा म्हणून श्वास रोखतो; तीच सवय समुद्रात नेली तर प्राणावर बेतू शकते. श्वास कोंडून मनुष्य थोडाही वर सरकला, की बाहेरचा दाब कमी होऊन छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसांना इजा होते. म्हणून श्वास कधीही रोखू नये, हा पाणबुड्यांच्या शिक्षणातला पहिला धडा आहे. पहिल्याच बुडीत, प्रशिक्षकाचा हात धरून उतरणाऱ्याने कोणताच कॅमेरा नेऊ नये. चित्र प्रशिक्षकाने घ्यावे, पाहणे आपल्या डोळ्यांनी व्हावे. अंगाचा तोल साधला, हात न हलवता एका जागी तरंगता येऊ लागले, म्हणजे लहान कॅमेरा. आणि तो हाती असल्याचे भान राहीनासे झाले, म्हणजे मोठा. हा क्रम उलटवणाऱ्याला दुकानदाराखेरीज कोणाचा आशीर्वाद मिळत नाही.

कारण तोल गेला की जवळ जाण्याचा नियमच घातक ठरतो. पायाला बांधलेल्या फिनचा एक फटका, आधारासाठी टेकलेला एक हात, आणि प्रवाळाची फांदी मोडते. फांदीदार प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतात. गोटीव प्रवाळांची वाढ कित्येकदा सेंटीमीटरभरही नसते. माणसाच्या वयाएवढा गोळा एका क्षणात खरवडला जातो. भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. पण समुद्राखाली पहारेकरी नसतो, तेथे पाणबुड्याचा विवेकच पहारा देतो.

आणि हा विवेक पाळून घेतलेल्या चित्राचे मोल घरच्या करमणुकीपुरते राहत नाही. समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली पांढरे पडले. पूर्वी ते कसे होते, हे सांगायला त्या-त्या जागची जुनी चित्रेच साक्षीला येतात. संशोधक प्रवाळावर ठराविक मापाची चौकट ठेवून स्थिर कॅमेऱ्याने तिचे चित्र घेतात आणि वर्षांनंतर त्याच जागी परत येऊन ताडून पाहतात. लांब पट्ट्यावरून पोहत जाऊन सलग चित्रफीत घ्यायची, तेव्हा रुंद भिंगाचा लहान कॅमेरा कामी येतो. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून दूर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा ‘आंग्रिया बँक’ नावाचा प्रवाळप्रदेश आहे. त्याचा माथाही पाण्याखाली सुमारे वीस मीटर आहे. बोटीतून जाणाऱ्याला तेथे लाटांखेरीज काहीच दिसत नाही. महाराष्ट्रातल्या कोट्यवधी माणसांना आपल्याच समुद्रातली ही संपत्ती कधी दिसली, तर ती कोणीतरी खाली उतरून, श्वास संथ ठेवून, काही न मोडता घेतलेल्या चित्रातूनच दिसणार आहे.

तेव्हा हातांना मोकळीक हवी, प्रवास हवा, रुंद देखावा हवा, तर अ‍ॅक्शन कॅमेरा. एका जागी थांबून एकाच जीवाचे चरित्र पाहायचे, तर स्थिर छायाचित्रांचा कॅमेरा. दोहोंपैकी कोणताही असो, जवळ जावे, पण स्पर्श करू नये, आणि दिवा बरोबर न्यावा. हातभर अंतरावरून त्या दिव्याचा उजेड पडला, की वीस मीटर खोलीवरची काळपट तांबोशी क्षणात लाल होऊन उठते. बाजारातल्या टोपलीत ती मेल्यावर दिसणारी लाली जिवंतपणी तिच्या घरात पाहायला मिळणे, यासाठीच हा सारा खटाटोप असतो.